परदेशी भागीदारी गावात आणताना: पाड्यावरचं माणूस सुटू नये म्हणून काय करायचं

परदेशातलं विद्यापीठ, तिकडची स्वयंसेवी संस्था किंवा एखादं मराठी मंडळ यांच्याबरोबर गावात काम करायचं ठरलं, की पहिल्या महिनाभरात एक फॉर्म येतो. समता, विविधता आणि समावेशन यांबद्दल तुमचं धोरण काय, असं त्यात विचारलेलं असतं. बहुतेक नव्या संस्था इथे कुठून तरी एक पान उचलून चिकटवतात आणि फॉर्म पासही होतो. वर्षभराने लाभार्थ्यांची यादी काढली, तर डांबरी रस्त्यालगतची, मराठी वाचता येणारी, सरपंचाच्या ओळखीची तीच ती माणसं निघतात. कुणाला मुद्दाम वगळलेलं नसतं. बैठकीची वेळ, जागा, भाषा आणि खर्चाचं कोष्टक यांनीच ते परस्पर करून टाकलेलं असतं.

त्या तीन शब्दांचा अर्थ आधी आपल्या भाषेत लावून घ्या. कोण आलं ही विविधता. आलेल्याचं ऐकून काही बदललं का, हे समावेशन. आणि समता म्हणजे सगळ्यांना सारखंच निमंत्रण देऊन मोकळं होणं नव्हे. नंदुरबारला सकाळी १० चं प्रशिक्षण ठेवलं, तर शहरातल्या बाईला रिक्षा पुरते. धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरच्या बाईला आदल्या दिवशी निघावं लागतं, मुक्काम शोधावा लागतो आणि अंगावरचं पोर बरोबर आणावं लागतं. तिच्या मुक्कामाची आणि पोराची सोय बजेटमध्ये असणं, याला समता म्हणायचं.

१. आधी कागद

पैसे येणार असतील तर एफसीआरए, म्हणजे २०१० चा परकीय योगदान नियमन कायदा, पहिल्या दिवशी समजून घ्या. नोंदणीसाठी संस्था ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मुख्य उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. एवढं नसेल तर एका ठरावीक देणगीदाराच्या ठरावीक कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते. त्यासाठी देणगीदाराचं हमीपत्र लागतं. नोंदणी ५ वर्षं चालते. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरच्या आत भरायचं, एक रुपयाही आला नसला तरी.

जवळ ठेवायचे कागद:

- धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना, आणि आजच्या विश्वस्तांची नावं दाखवणारा मंजूर फेरफार अहवाल
- नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, पॅन, आयकराची १२ए नोंदणी
- ३ वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि कामाचे अहवाल
- पदाधिकाऱ्यांची आधार कार्डं
- परकीय रक्कम स्वीकारण्यासाठी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं (परदेशातून येणारी रक्कम थेट दुसऱ्या कुठल्याही खात्यात घेता येत नाही)
- ग्रामसभेचा ठराव, तारखेसह

यातला फेरफार अहवाल हमखास अडतो. जुने विश्वस्त वारलेले असतात, नवे बैठकीत निवडलेले असतात, पण आयुक्तालयात नोंद झालेली नसते. परदेशी भागीदाराशी बोलणी सुरू करायच्या आधी हे निस्तरा.

मराठी मंडळाकडून पैसे येणार असतील तर देणाऱ्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, ते विचारायला लाजू नका. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय योगदानात धरत नाहीत. तोच माणूस तिकडचा नागरिक झाला असेल, ओसीआय कार्डधारक असेल, तर धरतात. आडनाव पाटील किंवा चौधरी असल्याने काही बदलत नाही.

२. गाव कोणाकोणाचं, ते कागदावर मांडा

परदेशी फॉर्ममध्ये बहुधा ‘आदिवासी’ असा एकच रकाना असतो. सातपुड्यात भिल्ल, पावरा, तडवी, धानका आहेत. नवापूरकडे गावित-मावची आणि कोकणी. प्रत्येकाची बोली वेगळी, देवदैवत वेगळं, एकमेकांशी सोयरीकही सहसा होत नाही. पावरा कार्यकर्ता नेमला म्हणून मावची वस्तीत काम होईल असं धरू नका. तापीकाठच्या गावात लेवा पाटील, गुजर, मराठा, कोळी, बौद्ध, मातंग, मुस्लिम, बंजारा असा पसारा असतो. साक्रीकडे ठेलारी मेंढपाळ असतात, ते वर्षातले कित्येक महिने वाड्यासकट फिरतीवर असतात.

एक ड्रॉइंग पेपर घ्या. गावठाण मध्ये काढा आणि भोवती प्रत्येक पाडा, तांडा, वाडा, झोपडपट्टी. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी लिहा: घरं किती, घरात बोलायची भाषा कोणती, पायी अंतर किती मिनिटांचं, आणि वर्षातले कोणते महिने घराला कुलूप असतं. आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर बसलात तर दीड-दोन तासांत होतं. एकट्या सरपंचाबरोबर बसलात तर दोन वस्त्या सुटतील. मग विधवा, परित्यक्ता, अपंग यांची घरं वेगळ्या रंगाच्या ठिपक्याने दाखवा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यामुळे ‘आमच्या गावात अपंग नाहीत’ हे उत्तर सहसा अपुरं असतं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही त्यात येतो, आणि आपल्या आदिवासी भागात तो घरोघरी ठाऊक आहे.

जात हा प्रश्न तिकडच्या फॉर्ममध्ये बऱ्याचदा नसतोच. वंश, धर्म, लिंग, वय असे रकाने असतात. ‘इतर’ मध्ये जात आणि बोली हे दोन्ही लिहा आणि पुढच्या फॉर्ममध्ये त्यांचे स्वतंत्र रकाने करायला सांगा. मात्र ही माहिती भरल्या बैठकीत हात वर करायला लावून गोळा करू नका. लैंगिक ओळखीचा रकाना तर गावात कुणालाही तोंडी विचारायचा नसतो. तो ऐच्छिक ठेवा आणि रिकामा राहिला तर राहू द्या.

३. वर्षाचं गणित त्यांना लिहून पाठवा

परदेशी विद्यापीठांचे विद्यार्थी जून ते ऑगस्टमध्ये मोकळे असतात. आपल्याकडे तेव्हा पेरणी-निंदणी असते आणि सातपुड्यातले रस्ते तुटतात. डिसेंबरमध्ये ते सुट्टीवर जातात, आणि दिवाळीनंतर इथली निम्मी वस्ती ऊसतोडीला, वीटभट्टीला गुजरातेत गेलेली असते. हे कुणी सांगत नाही, म्हणून पाहणीचा नमुना दरवेळी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा निघतो.

करारापूर्वी एक पानाचं वेळापत्रक द्या:

- जून-जुलै: पेरणी. पाड्यावर बैठक नको.
- ऑगस्ट-सप्टेंबर: पावसाची उघडीप पाहून चांगला काळ. श्रावणातला कानबाईचा रविवार सोडा.
- ऑक्टोबर ते डिसेंबर: कापूस वेचणी. बाया किलोवर वेचतात, दोन तास बैठकीला बसल्या तर तेवढे पैसे जातात.
- दिवाळीनंतर ते होळी: स्थलांतर. कामाच्या ठिकाणी जाऊन भेटायची तयारी असेल तरच पाहणी करा.
- भोंगऱ्या बाजार आणि होळी: माणसं परततात, पण सणासाठी. होळीनंतरचे आठ-दहा दिवस सोन्यासारखे.
- एप्रिल-मे: पारा ४२ ते ४५. काम सकाळी १० च्या आत किंवा संध्याकाळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्या दिवसांत सासरच्या गावच्या महिला बचत गटाची बैठक लावली तर सतरंजीवर तिघी-चौघी दिसतील.

ऑनलाइन बैठकीचंही तसंच. लंडनचे सकाळचे १० म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर अडीच. ते चालतं. न्यूयॉर्कचे सकाळचे ८ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, चूल पेटायची वेळ. त्या वेळेला बैठक ठेवली की फक्त पुरुष कार्यकर्ते येतात, आणि ‘महिलांचा प्रतिसाद कमी’ असा शेरा अहवालात जातो. एकदा त्यांनी पहाटे उठायचं, एकदा आपण रात्री जागायचं, असा आळीपाळीचा नियम करारातच घाला.

४. जागा आणि खुर्च्या

मंदिराच्या सभामंडपात, पाटलाच्या वाड्यात किंवा एका समाजाच्या मढीत (समाजाच्या सभागृहात) बैठक घेतली, तर कोण येणार नाही हे तिथेच ठरलं. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायतीचं आवार किंवा झाडाखालची मोकळी जागा बरी. एकदा गावठाणात, एकदा पाड्यावर असं फिरतं ठेवा.

पाहुण्यांना खुर्च्या आणि गावाला सतरंजी, हे दृश्य आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की ते खटकत नाही. सगळे खाली, नाहीतर सगळे वर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या बाजूला ठेवा, पाहुण्यांसाठी नव्हे. सत्कार, हार, शाल यांत पाऊण तास जातो आणि उन्हात बसलेल्या बाया बोलण्याची पाळी यायच्या आत उठतात. नारळ एक, भाषण एक.

जेवणाचा ठेका एकाच घराकडे नको. पाड्यावरच्या बचत गटाने केलेली भाकरी गावठाणातले खातील का, हा प्रश्न मनात येत असेल तर तो दाबून टाकू नका. उत्तर कळण्यासाठीच ते काम त्या गटाला द्या. आधी गवगवा न करता, नेहमीच्या दराने. शेवभाजीचा तिखटपणा मात्र पाहुण्यांसाठी अर्ध्यावर आणायला सांगा.

५. भाषा: इथेच सगळं सांडतं

परदेशी भागीदार इंग्रजीत लिहितो, आपण मराठीत भाषांतर करतो आणि भाषेचं काम झालं असं समजतो. घरात अहिराणी, पावरी, भिली, मावची, लेवा बोली, गोरमाटी किंवा उर्दू बोलणाऱ्याला ती सरकारी मराठी परकीच असते.

संमतीपत्राचं उदाहरण घ्या. ‘मी या अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होण्यास संमती देत आहे’ हे वाक्य अमळनेर तालुक्यातल्या आजीपुढे वाचलं तर ती मान हलवते. कार्यकर्ता ते सोपं करून ‘तुमले चाली का?’ विचारतो. आजी म्हणते ‘चाली’. पाहुण्याला ‘नाही’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे या ‘चाली’ला संमती धरता येत नाही. असा प्रश्न टाळा. काम सांगून झाल्यावर तिलाच विचारा: आम्ही काय करणार आहोत, ते तुम्ही सुनेला कसं सांगाल? तिच्या तोंडून तीन गोष्टी आल्या पाहिजेत: काय विचारणार, उत्तरं कुणाकडे जाणार, आणि मध्येच उठून गेलं तरी रेशन, घरकुल, बचत गट यांतलं काही बुडणार नाही. तिसरी गोष्ट हटकून सुटते. ती आली नाही तर पुन्हा सांगा. सही येत नसेल तर अंगठ्यापेक्षा तोंडी संमतीचं ध्वनिमुद्रण आणि एक साक्षीदार बरा. साक्षीदार आपल्या संस्थेचा नको.

भाषांतर तपासायचं ते उलट फिरवून. इंग्रजीतून बोलीत एकाने करायचं, बोलीतून पुन्हा इंग्रजीत दुसऱ्याने, मूळ मजकूर न पाहता. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवले की कुठे घसरलं ते दिसतं. प्रश्नावली ४० प्रश्नांची असेल तर याला दोन पूर्ण दिवस धरा. दुभाषी गावातलाच घेतला तर आतल्या गोष्टी निघत नाहीत, फार लांबचा घेतला तर बोली जुळत नाही. दोन-तीन गावं पलीकडचा सर्वांत सोयीचा. बायकांच्या प्रश्नांना बाईच दुभाषी हवी. आणि दुभाष्याला पाऊण-पाऊण तासाने विश्रांती द्या, नाहीतर दुपारनंतर तो चार वाक्यांचं एक करतो.

६. बजेट

धोरणाचं पान कितीही सुंदर असो, खर्चाच्या कोष्टकात ओळ नसेल तर ते काम होत नाही. पुढच्या ओळी पहिल्या मसुद्यातच घाला, नंतर कुणी वाढवून देत नाही:

- दुभाषी आणि भाषांतर: एकूण रकमेच्या ५ ते ८ टक्के
- बुडालेली मजुरी: त्या हंगामातला गावातला चालू दर, अर्ध्या दिवसाच्या बैठकीलाही पूर्ण दिवसाची
- पाड्यावरून येण्या-जाण्याचं भाडं, रोख, त्याच दिवशी
- मुक्काम, आणि पोरं सांभाळायला दोन बाया
- अपंगांसाठी सोबतीचं भाडं, गरज पडल्यास सांकेतिक भाषेचा दुभाषी
- मोठ्या अक्षरातली आणि चित्रांची छपाई

२०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय निधीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही. आधी ही मर्यादा ५० होती. कोणती ओळ प्रशासकीय धरायची, हे खर्च करण्याआधी सीएकडून लेखी घ्या.

त्याच दुरुस्तीचा दुसरा परिणाम छोट्या संस्थांना जास्त बोचतो. एफसीआरए असलेली मोठी संस्था आता आपला परकीय निधी दुसऱ्या संस्थेला वर्ग करू शकत नाही, त्या दुसरीची नोंदणी असली तरीही. म्हणजे पुण्या-मुंबईच्या संस्थेने पैसे घ्यायचे आणि सातपुड्यातल्या मोलगीच्या गटाला द्यायचे, हा जुना रस्ता बंद झाला. ‘सेवाशुल्क’ असं नाव देऊन अनुदान फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, नोंदणीवर बेततं. मोठ्या संस्थेने स्थानिक माणसांना स्वतःच्या पटावर घेऊन थेट पगार देणं, गावात थेट खर्च करणं, हा सरळ मार्ग. त्यात पाड्यावरच्या गटाचं नाव कागदावरून पुसलं जातं, म्हणून करारात त्या गटाची भूमिका आणि निर्णयाचा हक्क वेगळ्या कलमात लिहून घ्या.

‘आधी खर्च करा, पावत्या पाठवा, मग देतो’ ही अट छोट्या संस्थेला झेपत नाही. पहिला हप्ता आगाऊच मागा. पाड्यावरच्या भाड्याची जीपवाल्याकडून पावती मिळत नाही, त्यासाठी सही-अंगठ्याचं व्हाउचर चालेल हे ईमेलवर कबूल करून घ्या.

७. करारात काय तपासायचं

सुकाणू समितीत निम्मी माणसं इथली हवीत, आणि इथल्यांतली निम्मी ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्यातली. एकटी आदिवासी बाई आठ साहेबांच्या समितीत बोलत नाही, म्हणून दोघी घ्या. बैठकीची कागदपत्रं ७ दिवस आधी मराठीत मिळतील, हे लिहा. कच्च्या माहितीची एक प्रत इथे राहील, शोधनिबंधात इथल्या काम करणाऱ्याचं नाव लेखक म्हणून येईल (आभारात नव्हे), आणि भागीदारी मोडायची झाल्यास ३ महिन्यांची नोटीस. एवढं मिळालं तर बाकीची पानं वकिलाने वाचली तरी पुरे.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर यांसारख्या तालुक्यांत आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या काही भागांत, पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे. तिथे पाड्याची स्वतःची ग्रामसभाही असू शकते. ग्रामपंचायतीचा ठराव आणून काम सुरू केलं आणि पाड्याची सभा वगळली, तर पुढे लोक हरकत घेतात आणि ती रास्त असते.

८. पाहुणे येतात तेव्हा

व्हिसा कोणत्या कामाचा आहे ते तिकीट काढायच्या आधी पाहा. पाहुणा घरात उतरवला तरी त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन नोंदवायची असते. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आणायचा नाही, ड्रोनही नाही. सातपुड्यात नेटवर्क नसतं म्हणून हौसेने दोन्ही आणणारे असतात.

लहान मुलांबरोबर पाहुणा एकटा नको, दोन मोठी माणसं कायम हवीत. उघडी पोरं, महूची दारू, आजारी माणूस यांचे फोटो काढू द्यायचे नाहीत. ज्याचा फोटो छापणार त्याला तो आधी दाखवायचा. वैदूकडून वनस्पतींची माहिती घेणं हा तर वेगळाच मामला आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला जैविक संसाधन आणि त्याबद्दलचं पारंपरिक ज्ञान संशोधनासाठी घ्यायचं असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. पिशवीत दोन मुळ्या टाकून नेणं ‘आठवण’ म्हणून खपत नाही.

९. आपली माणसं तिकडे पाठवताना

अभ्यासदौऱ्याला दरवेळी संस्थेचे अध्यक्षच जातात, कारण पासपोर्ट त्यांचाच असतो. करार झाल्याच्या महिन्यातच तीन-चार कार्यकर्त्यांचे, त्यात निम्म्या बायांचे, पासपोर्ट काढायला टाका. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, वेळ मात्र कागद जुळवण्यात जातो. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, आधारवर नुसतं साल, दाखल्यावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं. आधी ही नावं-तारखा एक करा, मगच अर्ज.

व्हिसासाठी पगारपत्रक आणि बँकेतली शिल्लक मागतात. बचत गटाच्या अध्यक्षेकडे दोन्ही नसतं आणि अर्ज फेटाळला जातो. बोलावणाऱ्या संस्थेच्या पत्रात विमान, मुक्काम, जेवण, विमा हे सगळं त्यांच्याकडे, असं आकड्यांसह हवं. सोबत सातबारा, गटाचं पासबुक, परतीच्या तारखेनंतरचं इथल्या कामाचं पत्र जोडा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला परदेशी संस्थेच्या खर्चाने जायचं असेल, तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. ती मागायला शेवटचा आठवडा उजाडू देऊ नका.

१०. तक्रार कुठे करायची

कार्यकर्त्याचाच नंबर तक्रारीसाठी दिला तर तक्रार येत नाही. प्रत्येक पाड्यावर एक बाई आणि संस्थेबाहेरचा एक माणूस ठरवा, त्यांची नावं बोलीत सांगा, अंगणवाडीच्या भिंतीवर चित्रासह लावा. १० किंवा अधिक माणसं काम करत असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हे नव्या मुलींना रुजू होताना सांगा.

११. काम संपताना

अहवाल इंग्रजीत १०० पानांचा असला तरी गावासाठी दोन पानं मराठीत आणि वीस मिनिटं बोलीत. महिला सभेत आधी, मग ग्रामसभेत. आकडे सांगताना पाड्यावार सांगा: कुठल्या पाड्यातून किती आले, कुठून कुणीच नाही. स्थलांतरित परतल्यावर पुन्हा एकदा वाचा.

लॅपटॉप, प्रोजेक्टर, सौर दिवे यांची यादी शेवटच्या हप्त्याच्या आधी करा. परकीय निधीतून घेतलेली वस्तू संस्थेच्या नावावरच राहते, ती कुणाला घरी नेता येत नाही. कुठल्या शाळेत किंवा गटाकडे वापरायला ठेवायची, किल्ली कुणाकडे, बिघडली तर दुरुस्ती कोण करणार, हे त्याच सभेत ठरवून वहीत लिहा. किल्ली दोघांकडे द्या, आणि त्यातली एक पाड्यावर असू द्या.